भिंतीवरची ओटी

कापूस वेचणाऱ्या बाईच्या पुढ्यात जे कापड बांधलेलं असतं, त्याला आमच्याकडे ओटी म्हणतात. अर्धं जुनं लुगडं किंवा विटलेल्या साडीचा तुकडा. दोन टोकांची मागे कमरेला गाठ मारायची, दोन टोकं मानेत अडकवायची. पुढे जी झोळी तयार होते, तिच्यात बोंडातून ओढलेला कापूस टाकत जायचा आणि भरली की धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, नेऊन रिकामी करायची. यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला हे सांगायला नको. पण बाहेरच्या माणसापुढे ओटी म्हटलं की तो नारळ आणि खण आणायला धावतो, म्हणून आधीच सांगून टाकलं.

ही ओटी फाटते, पण प्रत्येकीची वेगळ्या जागी फाटते. वाळलेल्या बोंडाची टोकं टोचरी असतात, आणि बाई दिवसभर पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या झाडाला, घासत पुढे सरकते. उंच बाईची ओटी खालच्या काठाला जाते, बुटकीची छातीपाशी. डावखुरीची डावीकडून विरते. घाई करणारीची गाठीजवळ टरकते, कारण ती ओटी नको तितकी भरते. पानांचे हिरवट काळे डाग पडतात ते धुऊन निघत नाहीत. मी हे फार उशिरा पाहिलं. लहानपणी ओटीत बसून झोपले असेन, पण पाहिली नव्हती.

मी दारव्ह्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. माझं माहेर तिथून काळी-पिवळी जीपने तासाभराच्या वाटेवरचा एक तांडा. आमचे लोक पूर्वी बैलांच्या पाठीवर माल घालून मुलुखभर फिरायचे, आता शेती करतात. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो आणि बाहेर वऱ्हाडीत. इथे इतरांचं बोलणं मी वऱ्हाडीत लिहिते आहे आणि माझं शाळेतल्या मराठीत, नाहीतर वाचणाऱ्याला निम्मं कळायचं नाही. फक्त आईला मी याडी म्हणते, ते तसंच ठेवते. तिला 'आई' लिहिलं तर दुसऱ्याच कुणाबद्दल लिहिल्यासारखं वाटेल.

कापडाचा नाद लागला तो एका उन्हाळ्यात. भावाची बायको जुनी ओटी फाडून तिचं पोतेरं करत होती. आमच्या घरात कापडाचा प्रवास ठरलेला असतो. आधी साडी, मग ओटी, मग गोधडीच्या पोटातला थर, मग पोतेरं, आणि शेवटी चुलीत पेटवण. तिने ओटी उन्हात धरून टर्रकन फाडायला घेतली आणि ऊन त्या विरलेल्या जागेतून आरपार आलं. जाळीसारखी बारीक विरलेली जागा, भोवती डागांचे थर. आयुष्यभर मी मुलांना कागदावर छायाप्रकाश शिकवत होते, तो हा असा चुलीपाशी चालला होता. मी तिच्या हातून ती ओटी हिसकावून घेतली. ती म्हणाली, "आता तवा कायनं पुसू?" मी माझा रुमाल दिला.

तेव्हापासून मी तांड्यातल्या बायकांकडून फाटक्या ओट्या मागत सुटले. मोबदल्यात नवं कापड द्यायचे. सगळ्या हसायच्या. "मास्तरीण बाई चिंध्या जमा करून राह्यली," हे तांड्यात झालं, मग दारव्ह्यातही पसरलं, आणि शाळेतली मुलं मागून 'चिंध्यावाल्या बाई' म्हणू लागली. माझ्या नाकावर राग असतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण या नावाचा मला राग आला नाही, कारण ते खरं होतं.

माझी पद्धत साधी होती. कापड एकदाच साध्या पाण्यात धुवायचं. रंगवायचं नाही, डाग काढायचे नाहीत, फाटलेलं बुजवायचं नाही. एकाशेजारी एक लावून हाताने धावदोरा घालत जायचा, अशा बेताने की प्रत्येकीची विरलेली जागा उघडी राहील. सुरुवातीला लहान लहान तुकडे केले. मग एक मोठं काम मनात आलं, भिंतभर. तांड्यातल्या ओट्या कडेने, आणि मधोमध याडीची.

याडीची ओटी मिळाली कशी, ते सांगते. आदल्या हिवाळ्यात शेवटच्या वेच्याच्या वेळी ती धुऱ्यावरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी हात जरा वाकडाच राहिला. भावाने आणि मी ठरवलं, पुरे आता वावर. आयुष्यभर केलं, आता सावलीत बसावं, नातवंडांना गोष्टी सांगाव्यात. आम्ही दोघांनी तिच्यासमोरच हे ठरवलं आणि ती ऐकत होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी म्हटलं, "याडी, तुझी ओटी दे ना मला." ती आत गेली, खुंटीवरची ओटी काढून आणली, झटकली, घडी केली. "ने," म्हणाली, "आता मले कायले लागते."

मी खूष. तिची ओटी फार सुंदर होती, सुंदर हाच शब्द. मूळची निळी साडी, पण निळा फक्त काठाच्या दुमडीत उरला होता. उजव्या मांडीच्या जागी कापड इतकं विरलं होतं की हात खाली धरला तर रेषा दिसाव्यात.

उन्हाळा आणि पावसाळा मी दर शनिवारी अर्धी शाळा संपवून तांड्यावर जायचे आणि रविवारभर शिवायचे. दारव्ह्यातलं माझं घर म्हणजे दोन खोल्या. एवढं मोठं कापड पसरायला जागा नाही. भावाचं नवं स्लॅबचं घर झालं होतं, त्याची पुढची भिंत मोठी होती. काम दुरून पाहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून दांडीला अडकवून मी ते त्या भिंतीवर लावलं. भिंतीवर आधीपासून एकच वस्तू होती, बापाचा हार घातलेला फोटो. कापड त्याच्या शेजारी आलं. दुसरीकडे खिडकी होती, मग लावणार कुठे?

शाळेत आलेल्या पत्रावरून कळलं की दिवाळीनंतर यवतमाळला कलाशिक्षकांचं प्रदर्शन आहे. कामाखाली लावायला चार ओळी लिहून द्यायच्या होत्या. मी लिहिल्या: 'कापड वापरात झिजतं, रूप बदलतं आणि शेवटी नाहीसं होतं. काहीच टिकत नाही, हे मान्य करायला ही ओटी शिकवते.' भावाला वाचून दाखवल्या. तो ट्रॅक्टरचं काही तरी पुसत होता. म्हणाला, "काईच टिकत नाई म्हन्ते, मंग त्याच्या मागं डांबराच्या गोया कायले टाकल्या?"

कसर लागू नये म्हणून मी खरंच गोळ्यांच्या पुरचुंड्या मागच्या बाजूला शिवल्या होत्या. मी त्याला म्हटलं, "तुला कलेतलं काय कळतं?" त्याला कळत नाहीच. पण गोळ्या मी तशाच ठेवल्या.

मग महागावकडून मावशी आली. मावशी म्हणजे याडीची थोरली मावसबहीण, नजर अधू, कान ठीक, आवाज मात्र तांडाभर जाईल असा. याडी पडल्याचं तिला उशिरा कळलं होतं, म्हणून पाहायला आली. मी परसात धागे धूत होते. भावाची बायको पाण्याची कळशी घेऊन बाहेर पडत होती. मावशीने दारातून भिंतीकडे बोट करून विचारलं, "हे काय व लावलं?" ती चालता चालता म्हणाली, "याडीची ओटी हाय थे," आणि नळावर गेली.

आता हे समजून घ्यायला हवं. आमच्याकडे जुन्या माणसांचे फोटो नसायचे. माझ्या आजोबाचा फोटो नाही. तो गेल्यावर त्याचं पागोटं कित्येक वर्षं भिंतीला होतं. कुणाची काठी असते, कुणाची चंची. मेलेल्या माणसाची वस्तू भिंतीवर, जित्याची वस्तू खुंटीवर, हे कुणी शिकवत नाही, पण सगळ्यांना माहीत असतं. बापाचा हारवाला फोटो, शेजारी याडीची ओटी. मावशीने जो अर्थ काढायचा तो काढला.

मी हात पुसत आत आले तर ती माझ्या गळ्यात पडली. आमच्या बायका मयताच्या घरी आल्या की नुसत्या रडत नाहीत, सूर लावून रडतात, गेलेल्या माणसाचं सगळं आयुष्य त्या सुरात ओवतात. मावशीने सूर लावला. "कवा गेली व माय माही! मले कोनं निरोप बी नाई धाडला! कापूस वेचू वेचू जलम गेला व बाई तुहा!" मी "मावशी, ऐक, मावशी" करते आहे, पण त्या सुरात कोण ऐकतं. दोन शेजारणी धावत आल्या. एकीने तर डोळ्याला पदरही लावला, कोण गेलं ते विचारायच्या आधी.

तेवढ्यात याडी आतून आली. हाताला पीठ, कपाळावर घाम. तिने गर्दी पाहिली आणि घाबरून विचारलं, "कोन मेलं व?"

मावशीचा सूर मध्येच तुटला. तिने माझा खांदा सोडला, डोळे बारीक करून याडीकडे पाहिलं, जवळ जाऊन तिचा पिठाचा हात धरून पाहिला. आणि मग जी हसायला लागली, ती खाली बसूनच हसली. शेजारणी हसल्या, भावाची बायको कळशी ठेवून हसली, मीही हसले. हसून हसून पोट दुखायला लागलं. पुढे आठ-दहा दिवस तांड्यात हाच विषय होता, आणि याडी रस्त्याने दिसली की बायका विचारायच्या, "काय व, कवा आली वरून?"

हसली नाही ती एक याडी. तिने हात धुतले, चहा टाकला, मावशीला दिला.

मावशी संध्याकाळच्या गाडीने गेल्यावर याडी भिंतीपुढे उभी राहिली. मला म्हणाली, "जित्या माणसाचं कापड असं भिंतीले टांगत नाई."

मी म्हटलं, "याडी, मावशीला दिसत नाही, त्याला मी काय करू?"

"तिले दिसलं थे बराबर दिसलं. तुह्या बापाच्या बाजूले मले टांगलं. आता हार तेवढा राह्यला."

"ते तू नाहीस. ते काम आहे. लोक पाहतील, तुझं नाव होईल."

"काय पायतीन? बिचारी किती वेचत होती, असंच ना?"

मी चिडले. मी चिडले की आवाज वर जातो. मी तिला सांगितलं की मी इतके महिने डोळे फोडून शिवते आहे, यवतमाळला लावायचं आहे, मोठी माणसं येणार आहेत, आणि तिनेच तर ओटी दिली होती. ती शांतपणे ऐकत होती. तिच्या शांतपणाने माझा पारा आणखी चढतो. मग भाऊ आला. वाद मिटवायला म्हणून तो म्हणाला, "याडी, तू कायले जिवाले लावून घेतं? यंदा तुले काई करा नाई लागत. सीतादईबी सुनबाईच करीन."

त्याला वाटलं, त्याने तिचं ओझं उतरवलं. याडीने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आत गेली.

सीतादई म्हणजे पहिल्या वेच्याच्या दिवशी वावरात करतात ती पूजा. आजूबाजूची गावं ती कधीपासून करत आली. आमचे लोक शेती शिकले तेव्हा शेतीबरोबर तिचे सणही शिकले. पऱ्हाटीखाली चार दगड मांडायचे, हळदीकुंकू लावायचं, दहीभात ठेवायचा, थोडा ओळीवर शिंपडायचा. मग घरातली मोठी बाई पहिली बोंडं आपल्या ओटीत घेते. तिने घेतल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. आमच्या घरात ती बाई नेहमी याडीच होती. मला आठवतं तेव्हापासून, ओली बाळंतीण असतानाही, आणि बाप गेला त्या वर्षीही. बाप गेला त्या वर्षी बायका कुजबुजल्या होत्या, की विधवेने पहिलं बोंड घ्यावं का. याडीने कुणाला विचारलं नाही. ओटी बांधली आणि गेली.

हे सगळं मला ठाऊक होतं. पण माझ्या डोक्यात प्रदर्शन होतं.

दिवाळीनंतरचा शनिवार. मी शाळेतून परस्पर निघाले, सोबत काम गुंडाळायला मोठी जुनी चादर. सोमवारी सकाळी यवतमाळला पोचवायचं होतं. काळी-पिवळीत माझ्या मांडीवर कुणाची तरी कोबीची पिशवी होती, आणि मी आनंदात होते. घरी पोचले तर दार लोटलेलं, आत कुणी नाही. बाजेवर कात्री पडलेली, शेजारी पोती शिवायचा दाभण आणि हिरवा दोरा.

मी भिंतीकडे पाहिलं. मधली ओटी नव्हती.

म्हणजे भोक होतं, असं नाही. तिच्या जागी दुसरं काही तरी होतं. याडीने आपली ओटी कापून काढली होती, अगदी शिवणीला धरून, माझा एकही शेजारचा टाका न दुखवता. आणि त्या जागी पोत्याच्या हिरव्या दोऱ्याने, बोटभर लांब वाकड्या टाक्यांनी, माझा एप्रन शिवला होता.

हा एप्रन म्हणजे माझ्या जुन्या सुती साडीचा. चित्रकलेचा कोर्स करत होते तेव्हा मी तो स्वतः शिवला, आणि तेव्हापासून काम करताना तोच घालते. शाळेत नवा आहे, प्लॅस्टिकचा, तो आवडत नाही. हा मी तांड्यावरच ठेवायचे, रविवारच्या कामासाठी. डाव्या बाजूला, मांडीवर, तो पार विरला आहे, कारण मी ब्रश आणि हात नेहमी तिथेच पुसते. इतक्या वर्षांत मला ही जागा कधी दिसली नव्हती. आता भिंतीवर मधोमध ती विरलेली जागा आणि भोवतीचे रंगाचे थर समोर होते.

अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. एप्रनच्या बंदांचं काय केलं असेल, म्हणून पाहिलं, तर तेही कापलेले. मी तशीच चपला घालून वावराकडे निघाले. वाटेत दोघीतिघींनी हाका मारल्या, मी वळून पाहिलं नाही. मनात वाक्यं तयार करत होते. एकापेक्षा एक धारदार.

वावरात सगळे होते. भाऊ धुऱ्यावर. त्याची बायको आणि दोन मजूर बायका ओळीच्या तोंडाशी थांबलेल्या, नव्या कोऱ्या ओट्या बांधून, हात जोडून. दगडांना हळदीकुंकू लागलं होतं, दहीभात शिंपडून झाला होता. आणि ओळीत, एकटी, याडी. कमरेला तीच निळी ओटी. वाकड्या मनगटाचा हात बोंड धरायचा आणि दुसरा कापूस ओढायचा. पूर्वी दोन्ही हातांनी वेचायची. आता एक हात नुसता धरून ठेवायला.

तयार केलेली वाक्यं कुठे गेली कुणास ठाऊक. मी धुऱ्यावरूनच ओरडले, "याडी! माझा एप्रन कापला तू! मले थो अजून लागते!"

तिने मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, चिडवायलाही नाही. एखाद्याने बरोबर उत्तर दिल्यावर पाहावं तसं.

"लागते ना?" ती म्हणाली. आणि हातातला कापूस ओटीत टाकला.

मी धुऱ्यावर बसले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी शाळेत शेकडो वेळा मुलांना ऐकवली आहे. काहीच टिकत नाही, हे मान्य करा, असं मी तिच्या ओटीखाली लिहिलं होतं, आणि एका जुन्या एप्रनसाठी वावरभर ओरडले होते. भावाची बायको पदरात तोंड लपवून हसत होती. भावाने द्रोणात दहीभात आणून दिला. मी खाल्ला, भूक लागली होती.

याडीने पहिल्या बोंडांनी ओटीचा तळ झाकला, मग बाजूला झाली आणि बायकांना म्हणाली, "हं, चाला." त्या ओळीत शिरल्या. तीही शिरली. तिला कुणी थांबवलं नाही.

सोमवारी मी ते काम तसंच यवतमाळला नेलं. दुसरं काही करायला वेळच नव्हता. हिरव्या दोऱ्याच्या टाक्यांचं लोकांना कौतुक वाटलं. 'मधला तुकडा फार धीट आहे,' असं एक गृहस्थ म्हणाले. मी मान डोलावली. पण मला तिथे उभं राहवत नव्हतं. लोक माझ्या एप्रनपुढे थांबायचे, हळू आवाजात बोलायचे, खाली वाकून ओळी वाचायचे, 'शेवटी नाहीसं होतं.' मी चार पावलांवर जिवंत उभी, हातात चहाचा कप, आणि ते असे पाहत होते जणू मी होऊन गेले. मला भीती वाटली, खरंच वाटली. दुसऱ्या दिवशी मी त्या ओळींचा कागद काढून पर्समध्ये टाकला. खाली काहीच न लिहिलेलं बरं दिसलं.

काम परत आलं त्याच संध्याकाळी मी हिरवा दोरा उसवला, एप्रनला नवे बंद लावले आणि घालायला घेतला. आता डाव्या बाजूला हात पुसायला गेले की मी थबकते, आणि मग पुसतेच.

मोठं कापड मी दारव्ह्याला आणलं. दोन खोल्यांतल्या एका भिंतीवर कसंबसं मावतं, खालचा भाग दुमडून. बापाचा फोटो तांड्यावर एकटा आहे. मधोमध आता खरंच भोक आहे, त्यातून भिंतीचा पिवळा रंग दिसतो. डांबराच्या गोळ्या काढून टाकल्या, भावाचं तोंड बंद व्हावं म्हणून. एका कोपऱ्याला कसर लागलीही आहे. मी पाहते, पण काही करत नाही. अजूनही मला वाटतं की ते काम वाईट नव्हतं. फक्त मधल्या जागेची घाई झाली होती.

याडी त्या हंगामात शेवटच्या वेच्यापर्यंत गेली. रोज नाही. कधी अर्धा दिवस, कधी नुसती धुऱ्यावर बसून दुसऱ्यांचं वेचलेलं साफ करत. पण ओटी बांधून.

यंदा हंगाम सुरू व्हायच्या आधी ती डोळे दाखवायला दारव्ह्याला आली. दवाखान्यातून घरी आलो. मी चहा टाकला. ती चष्म्याशिवाय भिंतीपुढे उभी राहिली, मग जवळ गेली. कडेच्या ओट्या तिने ओळखल्या, ही हिची, ही तिची. त्यातल्या एकीला जाऊन वर्ष होत आलं आहे. तिच्या ओटीवरून याडीने तळहात फिरवला. मग भोकापाशी आली. त्यातून हात घालून भिंत चाचपली.

"हे काहून नाई बुजवलं?"

मी म्हटलं, "ठेवलं तसंच."

"कोनासाठी?"

मी चहाकडे पाहिलं. चहा उतू जायला आला होता, मी गॅस बारीक केला. या प्रश्नाला एकच उत्तर होतं आणि ते तिच्या तोंडावर देता येण्यासारखं नव्हतं. माझे डोळे भरले ते तिने पाहिलं असणार, तेवढं तिला अजून दिसतं.

"राहू दे," ती म्हणाली. "मले काई घाई नाई."

मग बाजेवर बसून तिने पिशवी उघडली. औषधं काढली, केळी काढली, आणि तळातून ती ओटी. उजव्या मांडीची जागा अखेर गेली होती, हात आरपार जाईल एवढी. सोबत एक जुना चौकोनी तुकडा घेऊन आली होती ठिगळाला. पोत्याच्या दोऱ्याने लावलेलं टोचतं, म्हणाली, बारीक सुईने लावायचं आहे, पण सुईचं भोक दिसत नाही.

"येवढा दोरा ओवून दे."

मी सुई उजेडात धरली आणि ओवली. दोरा जरा लांबच घेतला.